उलट्या खुर्च्यांचे फोटो

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानाच्या वेबसाइटवर फोटोंचं पान एकदाचं चढवलं. वर मोठ्या अक्षरांत बाबांचं नाव आणि ‘आमची कारागिरी’, खाली चोवीस फोटो. बोट सरकवलं की पुढचा येतो. बाबांना दाखव. त्यांनी पाठवलेले फोटो मात्र काही कामाचे नव्हते. एकूण एक खुर्ची उलटी! पाय वर, बैठक जमिनीवर. एक फोटो मी फिरवून पाहिला, तर खुर्ची सरळ आणि फरशी छताला. या वयात फोन हाती दिला की असं व्हायचंच. शेवटी इकडून तिकडून मीच चांगले मिळवून लावले. ग्रंथालयाच्या बाई खुर्च्यांसाठी पान बघणार आहेत ना? बघतील आणि भुलतील. कौतुकाचे दोन शब्द पाठवलेस तर चालतील.

तुझ्या लोभाचा हक्कदार,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू अर्ध्या कानाने ऐकतोस, म्हणून हा कागद. कौतुक हवंय ना, घे. सुताराच्या घरात वाढून खुर्ची कुठून बघायची हे न कळणं, यालाही मेहनत लागते. अरे, वरून पॉलिश मारलं की कुठलीही खुर्ची देखणी दिसते. सांधा खालून दिसतो. गिऱ्हाईक आलं की बाबा आधी खुर्ची उलटी करून दाखवतात, मग बसायला देतात. अठरा वर्षं हे बघितलंस, की नुसता जेवायला घरी होतास? गुडघे दुखत असताना दोन दिवस फरशीवर बसून त्यांनी ते फोटो काढले. एकही खिळा नाही हे दिसावं म्हणून प्रत्येक सांध्यावर बॅटरी धरायला मला उभं केलं.

तुझं पान त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, दुकान छान आहे, कुणाचं? मला तुझी लाज वाटली. ग्रंथालयाचं काम गेलं तर ते दुकान बंद करणार, हे तुला ठाऊक आहे. उसने फोटो उतरव आणि त्यांचे लाव.

अजून तरी लोभ असलेली,
ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न.

पत्र मिळालं, फटकेही पोचले. पण तुमच्या त्या गल्लीबाहेर जग आहे, ताई. लोक टेबलाखाली रांगून खरेदी करत नाहीत. आयुष्य भुशात गेलं की हे कळत नाही, दोष कुणाचाच नाही. फोटो कुणाचा हे कोण विचारतंय? काम मिळालं की बाबांना तशाच खुर्च्या करायला सांग, फोटो आपोआप खरे होतील. पान मी बदलणार नाही. जरा काळाबरोबर चला.

राग आणि लोभ दोन्ही कबूल,
धाकटा

२४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

ग्रंथालयाच्या बाई काल आल्या. भुलल्या होत्या, तुझा अंदाज बरोबर. एका फोटोतली गोल पाठीची खुर्ची हवी म्हणाल्या, साठ नग. बाबांनी तो फोटो नीट निरखला आणि सांगितलं की ही माझी नाही, यातली एकही माझी नाही. मग दुकानातली खुर्ची उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी वाकूनसुद्धा बघितलं नाही. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारा लाकूड कुठलं वापरेल कुणास ठाऊक, असं म्हणून निघाल्या. पन्नास वर्षांत बाबांना असं कुणी बोललं नव्हतं. माझी मान वर होईना.

बाबांनी रंधे पुसून पेटीत ठेवले. दुकान महिनाअखेर बंद. मी चिडून म्हटलं, त्याला ते पान आजच काढायला लावते. तर म्हणाले, पान राहू दे, पोराने मेहनत घेतली आहे. त्यावरचं माझं नाव तेवढं काढायला सांग.

तेवढं आज कर. या खेपेला लोभ मागत नाही.

ताई