भाड्याचे कडुलिंब

मंगळवार, ९ सप्टेंबर

शी! दोनशे चाळीस झाडं, आणि एकाचंही मूळ जमिनीत नाही.

आम्रपालीने अहवालाचं इंग्रजी तपासायला दिलं. माझी भाची, तेवीस वर्षांची. ताथवड्याला इंजिनिअर झाली, राहते माझ्याकडे निगडीत, नोकरी वाकडच्या एका सल्लागार कंपनीत. कारखान्यांना ‘ग्रीन बिल्डिंग’चं प्रमाणपत्र मिळवून देणं हा यांचा धंदा. चाकणच्या एका नव्या कारखान्याबद्दल लिहिलंय — आवारात २४० देशी झाडं लावली. मी विचारलं, “कुठली गं?” खाली बघत म्हणाली, “कुंड्यांतली आहेत, आत्या. भाड्याची. तू फक्त इंग्रजी बघ ना.”

इंग्रजी चांगलं आहे. बाकी सगळं सडकं.

बुधवार, १० सप्टेंबर

जेवताना परत विषय काढला. तिचे साहेब ओंकार — वय एकोणतीस! — म्हणतात, “प्रोफेशनल डेव्हलपमेंट म्हणजे हेच. कॉलेजात शिकवत नाहीत.” फोटो कुठून काढला की कुंडी दिसत नाही, हे यांचं शिक्षण. आमच्या कॉन्व्हेंटात एका खोट्या शब्दाला तळहातावर पट्टी बसायची.

म्हटलं, त्या अहवालावर सही करू नकोस.

“मग परीक्षा विसरू?” ग्रीन बिल्डिंगच्या परीक्षेला बसायचं तर दोन वर्षांच्या कामाचं पत्र लागतं. ते ओंकार देणार. सही केली तर. “तू रिटायर झालीस, आत्या. तुला काय जातंय बोलायला!”

उलट बोलायलाही तिथेच शिकली असणार.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज कारखान्यात प्रमाणपत्राची तपासणी. चाकणला मैत्रिणीकडे जायचंय सांगून आम्रपालीच्या गाडीत बसले. मैत्रीण नाही, काही नाही. असलं खोटं मी मोजत नाही.

कारखान्याच्या फाटकाशी टेम्पो. सोनबा नावाचे नर्सरीवाले कडुलिंब उतरवत होते. विचारलं, ही इथेच राहणार का?

“ऱ्हातायत कुठं, बाई! सांजच्याला परत. ह्यो लिंब तर लई फिरलाय — तळेगाव, रांजणगाव, आता हितं. माझ्यापेक्षा जास्त कंपन्या बघितल्यात त्यानं!”

“लाज नाही वाटत?”

“मला? आमी झाडं भाड्यानं देतो. लग्नालाबी देतो. कागुद तुमची शिकल्याली माणसं लिवत्यात.”

मी टेम्पोचा नंबर तेवढा टिपून घेतला.

परीक्षक आले, चहा प्यायले, गाडीतूनच एक चक्कर मारून गेले. ओंकारने मला वाकून नमस्कार केला. “मॅडम, भाची खूप पुढे जाणार बघा.” जोडलेले हातही इतके किळसवाणे दिसू शकतात, हे आज कळलं.

रविवार, १४ सप्टेंबर

केली तिने सही.

सोमवार, २२ सप्टेंबर

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं. एकतीस वर्षं कंपनीत साहेबांची पत्रं टाइप केली, पण असं एकही नव्हतं. तारीख, टेम्पोचा नंबर, झाडं कुठून आली, कुठे गेली — सगळं. एक विशेषण जास्तीचं नाही. खाली नाव घातलं नाही. आडनाव एकच, लगेच पोरीपर्यंत पोचतील. स्वतः जाऊन पोस्टात टाकलं. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. आता बघू ओंकारसाहेब कुठे पळतात!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

चौकशी लागली. बोलावलं कुणाला? आम्रपालीला!

ओंकारने लिहून दिलं — “अहवाल ज्युनियरने केला, सही तिची आहे.” खरंच आहे. अख्ख्या अहवालात त्या माणसाचं नाव कुठेच नाही. मीच तपासला होता ना तो? स्वल्पविराम बघत बसले! हा गाढवपणा माझा. आणि भोगणार कोण — भावाने ओव्हरटाइम करकरून शिकवलेली ही मुलगी.

पत्र माझं, हे तिला सांगायला दोनदा खोलीच्या दारापर्यंत गेले. दोनदा परत आले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आम्रपाली आज हसत आली. किती दिवसांनी! “सुटले, आत्या. निनावी तक्रारीवर चौकशी चालत नाही म्हणे. उद्या फक्त हजर राहायचं, फाइल बंद करणारेत. सरांनी परीक्षेचं पत्रसुद्धा तयार ठेवलंय.”

मला हायसं वाटलं. हायसं! झाडं खोटी ती खोटीच, तो नालायक जागच्या जागी, आणि मी खीर करायला घेतली. ओंकारपेक्षा माझीच किळस आली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फाइल बंद झाली नाही. टेबलावरचं माझं ते निनावी पत्र आम्रपालीने पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर त्याखाली स्वतःचं नाव लिहून सही केली. नोकरी गेली. परीक्षाही गेली.

“का गं?” मी विचारलं.

माझ्याकडे बघत म्हणाली, “खाली जागा रिकामी होती, आत्या.”