मालक एका टेबलात, जनावरं दुसऱ्या

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ११.२०

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने नोंद ठेवलीच पाहिजे. पुढे कोणी विचारलं की हे सगळं कसं जमवलंत, तर तारखेनिशी सांगता यायला हवं.

मॅडमनी बोलावलं होतं. (जनावरांचा दवाखाना त्यांचाच, ऑपरेशनंही त्याच करतात. कंप्युटर माझ्याकडे.) दाराशी बसणाऱ्या मावशी ३० तारखेला रिटायर होतायत. कुठल्या जनावराची लस कधी आहे, हे आजवर मावशीच मालकांना फोन करून कळवायच्या. सगळं तोंडपाठ. आता ते कंप्युटरने करायचं. माझ्याकडे दोन टेबलं आहेत. एकात जनावरं : नाव, जात, रंग, लसीची तारीख. दुसऱ्यात मालक : नाव, पत्ता, फोन. ती जोडायची आणि ज्याच्या त्याच्या जनावराचा मेसेज ज्याला त्याला पाठवायचा. मुदत ३० तारीख. जमलं तर 'रेकॉर्ड प्रमुख' हे नवं पद माझं. कॉरिडॉरच्या टोकाची खोली, दारावर पाटी.

मी म्हणालो, दोन दिवस पुष्कळ झाले. मॅडम म्हणाल्या की सव्वीस दिवस आहेत, नीट करा. कंप्युटरचा वेग काय असतो याची या बाईंना कल्पनाच नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

खोलीचं माप घेतलं. सध्या तिथे मांजरांचे रिकामे पिंजरे आहेत, ते हलवावे लागतील. टेबल खिडकीकडे तोंड करून नको. येणाऱ्या माणसाला माझा चेहरा आधी दिसला पाहिजे.

घरी सांगून टाकलं की प्रमोशन झाल्यातच जमा आहे. हिने विचारलं, ऑर्डर हातात मिळाली का. हिला कागद हातात पडल्याशिवाय काही पटत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ३

दोन्ही टेबलं उघडली. जनावरं ११६४. मालक १०७१. दोन्हींत सारखा असा एकच कॉलम : 'नाव'. पण एकीकडे ते जनावराचं आहे आणि दुसरीकडे माणसाचं. तरी जोडून बघितलं. एक ओळ जुळली. राजा. तिकडे बैल, इकडे माणूस. हे दोघे एकमेकांचे आहेत का, कळायला मार्ग नाही. पण पद्धत चालते हे सिद्ध झालं. उरल्या ११६३.

७ ऑगस्ट, गुरुवार

रात्रभर डोकं भणभणत होतं. ही टेबलं बनवली कोणी? जरा अक्कल असलेला माणूस दोन्हीकडे एकच नंबर टाकून ठेवतो, म्हणजे कोण कोणाचं हे कळतं. आधीच्या लोकांनी करून ठेवलेला घोळ निस्तरायचा मात्र मी! मुळाशी जायचं ठरवलं.

दुपारी १.१५. गेलो मुळाशी. दोन्ही टेबलांत 'केस नंबर' नावाचा कॉलम होता. गेल्या मार्चमध्ये कोणीतरी उडवलेला दिसतो. कोणी उडवला तेही फाईलमध्ये दिसतं. माझंच नाव आहे.

त्या वेळी तो निर्णय बरोबर होता. त्या कॉलममुळे प्रिंट दुसऱ्या पानावर जायचं. काढल्यावर एका पानात बसलं आणि मॅडमनी कौतुकही केलं होतं. कौतुक करताना त्यांनी विचार करायला हवा होता.

संध्याकाळी ५. जुन्या कागदी रजिस्टरांत नंबर असणारच, म्हणून स्टोअरमध्ये गेलो. रजिस्टरं नाहीत. जागा अडते म्हणून मीच ती पिंजऱ्यांत अंथरायला दिली होती, असं मावशींनी आठवण करून दिलं. त्यांना नको ते बरोबर आठवतं. एक पान सशाच्या पिंजऱ्यात सापडलं. सशाने नेमकी नंबरांची बाजू खाल्ली होती.

९ ऑगस्ट, शनिवार

सुचलं! इतकं सोपं की लाज वाटावी. दोन टेबलं शेजारीशेजारी चिकटवायची. पहिलं जनावर पहिल्या मालकाचं, दुसरं दुसऱ्याचं. माणूस जनावर घेऊनच दवाखान्यात येतो, तेव्हा दोघांची नोंद एकाच वेळी झाली असणार. शेवटी ९३ जनावरं उरली. त्यांच्यापुढे 'स्वतंत्र' असा शेरा मारला.

चाचणी म्हणून सासूबाईंचं नाव काढलं. त्यांची मनी आमच्याच दवाखान्यात येते. पांढरी मांजर, स्वभावाने सासूबाईंसारखीच. टेबलाप्रमाणे त्यांच्याकडे एक काळी म्हैस निघाली. हिला म्हटलं, आईला सहज विचार, कधी घेतली होती का. आई तिसऱ्या मजल्यावर राहते, एवढंच ही म्हणाली. चाचणी अपूर्ण.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सुधारित पद्धत. आधी दोन्ही टेबलं अकारविल्हे लावली, मग चिकटवली. शिस्त आल्यासारखी वाटते. सासूबाईंना आता पोपट आला आहे. म्हशीवरून पोपटावर आलो म्हणजे दिशा बरोबर आहे. आणखी दोनतीन वेळा फिरवलं की मांजर येईल.

१३ ऑगस्ट, बुधवार

आलं नाही. कासव आलं.

मॅडम म्हणाल्या की चार दिवस मावशींजवळ बसा, त्या सांगतील. मी नम्रपणे नकार दिला. माहिती कंप्युटरमध्ये असते, माणसाच्या डोक्यात असते ती फक्त आठवण, असंही बोललो. हे वाक्य मला त्याच क्षणी सुचलं होतं.

तसं मावशींचं मी निरीक्षण केलं आहे. आज एक माणूस झाकलेली टोपली घेऊन आला. टोपलीकडे न बघताच यांनी विचारलं की डाव्या कानाचे टाके सुकले का. त्याचा चेहरा उजळला. हा सगळा दिखावा आहे. अशाने दवाखाना एका माणसावर अवलंबून राहतो आणि ते धोक्याचं असतं.

म्हणून मॅडमना लेखी सुचवलं : मावशींना ३० ऐवजी २० तारखेलाच मोकळं करावं, म्हणजे सर्वांना नव्या पद्धतीची सवय होईल. मॅडमनी वाचलं, घडी केली आणि पेपरवेटखाली ठेवलं. म्हणजे विचार चालू आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

कामाचा ताण जाणवतो. सुट्टी घेतली. खोलीसाठी खुर्च्या बघून आलो. फिरती, उंच पाठीची.

१८ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ४

इंटरनेटवर तोडगा मिळाला. सारखा कॉलम नसेल तरी टेबलं जोडता येतात! पहिल्या टेबलातली प्रत्येक ओळ दुसऱ्यातल्या प्रत्येक ओळीला जोडायची. म्हणजे प्रत्येक जनावर प्रत्येक मालकाला. त्याखाली लाल अक्षरांत काहीतरी इशारा होता, पण तो नवशिक्यांसाठी असावा.

२० ऑगस्ट, बुधवार

झालं! कंप्युटर चाळीस मिनिटं थिजला होता, पंखा गिरणीसारखा घरघरत होता. पण शेवटी आलं. बारा लाख शेहेचाळीस हजार सहाशे चव्वेचाळीस ओळी. या दवाखान्यात एवढं मोठं टेबल आजवर झालेलं नाही. एकही जोडी सुटलेली नाही. सासूबाई आणि मनी, दोघी एका ओळीत! मी स्वतः पाहिल्या. तिथवर पोचायला वेळ लागला, पण आहेत.

मॅडमना दाखवलं. त्यांनी विचारलं, यातली खरी जोडी कुठली हे कसं ओळखायचं. मी म्हणालो, खरी जोडी यात आहे की नाही? आहे. मग प्रश्न कुठे येतो? मॅडम फार बारकाव्यात शिरतात. त्यांना ऑपरेशनला उशीर होत होता. जाताना म्हणाल्या की मला विचारल्याशिवाय काही पाठवू नका.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ५.४०

विचारणार होतो. पण त्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या आणि चांगल्या कामाला उशीर नको. बटण दाबलं. इतक्या वर्षांत दवाखान्यात माझं असं काही पहिल्यांदाच होत होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार. दुपारी २.३०

काही तांत्रिक अडचणी.

अकारविल्हे पहिलं जनावर : अप्पू, घोडा, तपकिरी. त्यामुळे 'आपल्या लाडक्या अप्पूच्या लसीची तारीख उलटून गेली आहे, त्वरित घेऊन यावे' हा मेसेज १०७१ मालकांना गेला. मग दुसरं, अबोली, कोंबडी, तेही सर्वांना. मग अल्फा, कुत्रा. चौथ्यावर मेसेज कंपनीनेच आमचं खातं बंद केलं.

फोन सकाळी सातपासून. एक रिटायर्ड मास्तर सांगत होते की आपल्याकडे फक्त दोन मासे आहेत आणि दोघांचीही तब्येत उत्तम आहे. एका घरात नवऱ्याने बायकोला न विचारता घोडा घेतला कधी, यावरून जुंपली. तो गृहस्थ माझ्याकडून लेखी मागत होता. सासूबाईंना तिन्ही मेसेज गेले. त्यांनी हिला फोन करून विचारलं की जावईबापूंची तब्येत बरी आहे ना.

दहा वाजता दवाखान्यासमोर साठसत्तर माणसं. मी फाईली लावायला स्टोअरमध्ये गेलो. खिडकीतून दिसत होतं. मावशी दारात उभ्या राहून एकेकाला त्याच्या जनावराची खरी तारीख सांगत होत्या आणि घरी धाडत होत्या. हातात कागदाचा कपटाही नव्हता. बारापर्यंत अंगण रिकामं.

अप्पूचा मालकही आला होता, घोडा घेऊन. त्याची लस खरंच राहिली होती. म्हणजे एक मेसेज अगदी अचूक गेला. हे कोणी लक्षात घेत नाही. बाकीच्यांनीही जरा धीर धरला असता, तर प्रत्येकाला कधी ना कधी आपापला मेसेज मिळालाच असता.

२५ ऑगस्ट, सोमवार

मॅडम ओरडतील म्हणून तयारी करून गेलो होतो. चार मुद्दे लिहून नेले होते. ओरडल्याच नाहीत. जेवलात का, असं विचारलं. मग म्हणाल्या की उद्यापासून मावशींशेजारी बसा. मुद्दे खिशातच राहिले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

स्टुलावर बसलो. पाठ दुखते. मावशींनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी : प्रत्येक जनावराला एक नंबर द्या आणि तोच त्याच्या मालकासमोर लिहा. हे मी सुचवणारच होतो.

त्या सांगतात, मी टाईप करतो. नुसते टायगर एकतीस आहेत. हा लंगडा तो बेकरीवाल्याचा. हा झुरळांना घाबरतो तो पोलिसाचा. कुठेही अडल्या नाहीत. त्या ९३ 'स्वतंत्र' जनावरांचाही उलगडा झाला. काही लोकांकडे दोनदोन, तीनतीन जनावरं आहेत. ही शक्यता टेबलाने कधी दाखवलीच नव्हती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज एकाच ठिकाणी थांबल्या. करड्या रंगाची मांजर, नाव चिंगी. मी विचारलं, आठवत नाही का. तर म्हणाल्या, ती गेली वैशाखात. तिचे आजोबा अजून दर मंगळवारी येऊन बाकावर बसतात. ओळ राहू द्या, फक्त लसीची तारीख काढा.

त्या आजोबांनाही मी घोड्याचा, कोंबडीचा आणि अल्फाचा मेसेज पाठवला होता.

ओळ ठेवली. मग बराच वेळ मला स्क्रीन नीट दिसेना. मॉनिटर जुना झाला आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी ६

११६४ पूर्ण. दिलेल्या मुदतीच्या एक दिवस आधी! मॅडमना स्वतः जाऊन सांगितलं. 'आम्ही' असा शब्द वापरला, मन मोठं ठेवून. उद्या ऑर्डर निघणार असं ऐकलं. शर्ट इस्त्रीला दिला.

३० ऑगस्ट, शनिवार. रात्री ८

ऑर्डर निघाली. रेकॉर्ड प्रमुख : मावशी. दोन वर्षांची मुदतवाढ. खोली त्यांनी नाकारली, तिथून माणसं दिसत नाहीत म्हणाल्या. मी रेकॉर्ड सहायक. बसायची जागा : त्यांच्या शेजारी.

पाय ओढत घरी आलो. गेला महिनाभर हिला काय काय सांगून ठेवलं होतं! जिन्यात उभं राहून वाक्यं जुळवली. हिने पाणी दिलं आणि म्हणाली की मला सोमवारीच कळलंय, मावशींचा फोन आला होता.

मग हिनेच सांगितलं : सोमवारी मॅडम मावशींना थांबवून मला काढणार होत्या. पत्र हाताने लिहून तयार होतं. टाईप करायला माझ्याकडेच द्यावं लागेल, म्हणून त्या अडल्या होत्या. तेवढ्यात मावशी आत गेल्या आणि म्हणाल्या की त्यांना ठेवणार असाल तरच मी थांबते.

मी विचारलं, मावशींना लवकर घालवण्याबद्दल मी जे लिहून दिलं होतं, ते त्यांना ठाऊक आहे का. ही म्हणाली, ठाऊक आहे. टेबल पुसताना वाचलं होतं त्यांनी, तेरा तारखेलाच.

वाईट वाटलं. अगदी खरं सांगायचं तर मान वर करवेना. मग हिला विचारलं, तरीही त्यांनी मला का ठेवून घेतलं असेल. हिनेही फोनवर तेच विचारलं होतं. मावशी म्हणाल्या, टायपिंग बरं करतात.

टायपिंग माझं पहिल्यापासूनच चांगलं आहे.