अक्काचा प्रकार

१२ मार्च, गुरुवार

प्रिय चिमणीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो गप्प बसला तर मलाच चैन पडायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या पेन्शनरांनी पुन्हा नळ उघडा टाकला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आलीय. तुझ्या यजमानांची सर्दी गेली का? तुझी तब्येत कशी आहे ते एवढ्यात विचारत नाही. त्यावर पुढे येणारच आहे.

हे सगळं फोनवर बोलले असते, पण अडचणीचं काही निघालं की तुला लगेच दारावरची बेल ऐकू येते. म्हणून लिहितेय. वाचताना बेल वाजली तर दार उघड, आणि परत येऊन पुढचं वाच.

पिटूच्या लग्नाचा पोशाख तयार आहे. खालची दुमड तेवढी राहिली होती, ती काल घातली. हो, घातली. तू नको म्हणालीस तरी घातली. मंगळवारी तुझा फोन आला, किती गोड आवाज! "अक्का, राहू दे गं, आपण तयारच घेऊ, तुला कशाला उगाच त्रास." मला त्रास! उभं आयुष्य नाटक कंपनीच्या कपडेपटात काढलं, राजाचे अंगरखे आणि राण्यांचे घेर एकहाती शिवले, आणि भाचीच्या पोशाखाचा मला त्रास? पण मी "बरं" म्हटलं. गिळलं.

संध्याकाळी पिटूचा फोन. पोरगी रडत होती. म्हणाली, "मावशी, रागावू नकोस हं. आई म्हणते, कापडाला वास लागला की तो जात नाही."

चिमणे, तुला लाज कशी नाही वाटली?

फोन ठेवला आणि मी पोशाख हँगरवरून काढून नाकाशी धरला. नव्या कापडाची खळ आणि मशीनच्या तेलाचा किंचित वास. तरी अस्तर उलटं केलं, बाह्या उलट्या केल्या, शिवण न् शिवण हुंगली. साठी उलटलेली बाई, स्वतःच्या हातचं काम संशयाने हुंगत खोलीत उभी. हे तू केलंस माझं. मग बसून रडले, तेही सांगून टाकते.

ऑपरेशननंतर तुझ्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं, की लघवीवर ताबा राहत नाही, मी डायपर घालते. मी तो शब्द उच्चारला, आणि तू इकडेतिकडे बघत म्हणालीस, "हो हो, कळला प्रकार." झालं! बारसंच झालं. त्या दिवसापासून तुझ्या घरात तो "अक्काचा प्रकार". प्रकाराची बादली वेगळी. प्रकारामुळे गादीवर प्लास्टिक. तुझे यजमान एकदा बिचारे अगदी मनापासून विचारते झाले, "अक्का, प्रकार आटोक्यात आहे ना?" जशी काही मी कुठे दंगल करून आले होते.

माझ्या खुर्चीच्या उशीखालीही तू प्लास्टिक घातलंस. मी बसले की चुर्र, उठले की चुर्र. तुझी ती शेजारीण आली की तिची मान गर्रकन वळायची. मी खोलीतून बाहेर पडले की मागून तुझी सुगंधी फवारणी सुरू. माणूस गेलं की पाठोपाठ फुस्स. झुरळ आहे का गं मी?

आणि पाणी! दिवेलागणीला माझी पाण्याची बाटली उचलून न्यायचीस. "आता नको गं अक्का, रात्री प्रकार होतो." मी मूर्खासारखी ऐकत गेले. ऐकत गेले कारण खरंच वास येत होता. घरात कुठेतरी येत होता, आणि तो माझाच असणार असं मीही धरून चालले. मी चांगला कोरडा असलेला डायपरही बदलायची. अंग घासून घासून धुवायची. जांघेत सालटं निघाली. पाणी तोडल्यावर लघवी दाट झाली, तिची आग व्हायला लागली, आणि मग मात्र तिला खरोखरच उग्र वास यायला लागला. ताप भरला तेव्हा दवाखान्यातल्या बाई माझ्यावरच खेकसल्या, "पाणी कोणी बंद केलं तुमचं?" मी म्हटलं, मीच. तुझं नाव तेव्हाही घेतलं नाही.

आता कपडेपटाबद्दल तुला दोन शब्द. एकाच अंगरख्यात आज हा नट, उद्या तो. गळ्यापाशी नाक नेलं की कोणी घातला होता ते मी सांगायची. घाम, पावडर, तेल, आजारपण, सगळं वेगळं कळतं. त्या नाकाने मला तुझ्या घरात स्वस्थ बसू दिलं नाही. कारण तो वास माझ्या खुर्चीला नव्हता. जेवणाच्या टेबलाशी जी तुझी खुर्ची, तिला होता. मोटारीत पुढच्या सीटला होता, आणि मी तर कायम मागे बसायची. तो डायपरचा वासच नव्हता. कापडात मुरलेला, नीट न वाळलेला, डोळ्यांना झोंबणारा शिळा वास.

मग मी तुझ्याकडे बघायला लागले. शिंक येणार असली की तू गुडघे आवळतेस. हसायचीस कशी पूर्वी, गल्ली जागी करायचीस! आता हसू आलं की उठून आत जातेस. खुर्चीवरून उठलीस की मागे वळून आधी खुर्ची बघतेस, मग चालायला लागतेस. मला कळलं होतं गं. मी वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल. आपल्या दोघींना एकच दुखणं, त्यात काय नवल? आईचंही तेच होतं. तीही आयुष्यभर तोंड दाबून बसली.

हे पुढचं लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. चहा करून आले, परत बसले. लिहिते.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते, पिटू माझी औषधं एका पिशवीत घालत होती. तू न्हाणीघरातून बाहेर आलीस आणि तुझ्या कपड्यांतून एक घडी खाली पडली. जुन्या चादरीची, दोन पदरी, ओली. कडेला टाका घातलेला. तो तिरका टाका मी आंधळी झाले तरी ओळखेन. लहानपणी त्या टाक्यावरून तू माझ्या हातचे धपाटे खाल्लेस. पिटूने घडीकडे पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं. आणि तू, चिमणे, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "अक्का, तुझं पडलंय बघ इथे."

पिटूने नाकाला हात लावला नाही. गुणी आहे पोर. पण एक पाऊल मागे सरकली. मला पुरलं ते.

मी वाकले, घडी उचलली आणि म्हटलं, "हो गं, माझंच." न्हाणीघरात जाऊन ती धुतली, पिळली आणि वाळतही घातली. तुझी घडी, माझ्या हाताने. तू बाहेर पिटूला सांगत होतीस, "मोठ्या माणसांचं असं व्हायचंच, आपण समजून घ्यावं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी त्या दिवशी नळाशी उभी राहून ऐकल्या.

तुझ्या दुखण्याचा मला राग नाही, ते माझंही आहे. तू चिंध्या वापरतेस त्याचीही कीव येते. राग याचा, की मी तुला विश्वासाने सांगितलं आणि तू त्याचं पांघरूण करून स्वतःवर घेतलंस. घरात एक नाव झालेलं आहेच, मग जो वास येईल तो तिचा! मी तुला उघडं पाडणार नाही याची तुला खात्री होती, त्याच भरवशावर हे सगळं चाललं.

सोबत पार्सल येतंय. त्यात डायपर आहेत, तुझ्या मापाचे. माप मी नजरेने घेतलंय. मोठा आणायला जाऊ नकोस. ढिला घेतला की मांडीपाशी गळतो आणि वर काचतो. घातल्यावर मांडीजवळची झालर बोटाने बाहेर काढायची. ती आत दुमडून राहिली की कितीही महागाचा असो, गळणारच. आत तुझ्या त्या चिंध्या कोंबू नकोस. वरून सुती चड्डी घाल, म्हणजे जागेवर बसतो आणि आवाजही होत नाही. भरायची वाट बघत बसायचं नाही, ओला वाटला की बदलायचा. कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. मलमाचा हात अगदी पातळ. पावडर नको, गोळे होतात. सुगंधी तर मुळीच नको, खाज सुटते आणि नुसत्या लघवीऐवजी लघवी अधिक गुलाब असा वास येतो, जो तुझ्या बैठकीत येतो. काढलेला कागदात गुंडाळून पिशवीची गाठ मारायची, झाकणाच्या बादलीत टाकायचा आणि त्याच दिवशी घराबाहेर. आणि पाणी पी. भरपूर पी. डॉक्टरांना दाखव. व्यायाम असतात, औषधं असतात, तुझं कदाचित पुष्कळ बरंही होईल. माझ्यासारखं वर्षानुवर्षं थांबू नकोस.

बघ, रागाने लिहायला बसले आणि उपचार सांगत सुटले. राग गेला असं समजू नकोस. तसूभर गेलेला नाही.

पोशाख इथे खुंटीवर आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे ते. पिटू तो घालून उभी राहिलेली मला बघायची आहे, आणि दुसऱ्या कोणाच्या दुकानातला झगा घालून ती उभी राहिली तर मी जगणार नाही असं वाटतं, इतकी हाव आहे मला त्याची. तरीसुद्धा मी तो पाठवणार नाही. तो न्यायला तू स्वतः यायचंस, पिटूला घेऊन. आणि यायच्या आधी तिला सांगायचंस, की ती घडी कोणाची होती. तुझ्या तोंडाने. तिला ते कळलं तर आकाश कोसळणार नाही. उद्या तिलाही हेच दुखणं होईल, तेव्हा तिने कोणाकडे जायचं, याचा विचार कर.

तू नाही सांगितलंस तर मी लग्नाला येणार नाही. आलेल्या पाहुण्यांत वेगळ्या खुर्चीवर बसवलेली, वास मारणारी मावशी मी होणार नाही. पिटूने कारण विचारलं तर गुडघा दुखतो म्हणेन. तुझं नाव मी तरीही घेणार नाही. ते माझ्याने होत नाही, आणि त्याचाच मला तुझ्यापेक्षा जास्त संताप येतो.

"माझंच" मी एकदा म्हटलं, ते बहिणीसाठी. दुसऱ्यांदा माझ्याकडून ते ऐकायला मिळणार नाही. आता तुझी पाळी.

वाट बघणारी,
अक्का