बिनकड्याचा तिसरा

८ एप्रिल
पोचले एकदाची. उतुआदो गावाहून गाडीने तीन तास, त्यातला शेवटचा तास चिखलातून, आणि सगळा वेळ मांडीवर हिरव्या केळ्यांचा घड. तरी जीव खूश आहे.

तळावर आम्ही दोघंच, पक्ष्यांचे डॉक्टर फेलिबर्ती आणि मी. खालच्या वस्तीतल्या दोन्या प्रोविदेन्सिया स्वयंपाकाला येतात; इथं वयस्क बाईला मानाने ‘दोन्या’ म्हणतात. मला बघताच म्हणाल्या, ही बया भलतीच बोलघेवडी दिसते, हिचं इथं कसं निभायचं. काम आहेच गप्प बसण्याचं. या रानात इग्वाका पोपटांची एकच जोडी उरलीय, तिची दोन अंडी झाडावर घरट्यासाठी टांगलेल्या सात नंबरच्या पेटीत आहेत. समोरच्या झाडावर लाकडी लपण बांधलंय. उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिथं बसायचं, अंड्यांवर दुसरा पक्षी आला तर हाकलायचा आणि दिसेल ते लिहायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. पोपटाने माणसाचं बोलणं उचललं की त्याला जन्मभर पिंजऱ्यात ठेवावं लागतं.

वादळानंतर ही जोडीच राहिली होती. पुढच्या मोजणीत तीन भरले. यंदा चार झाले तर तळ चालेल, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

मी मात्र बारा मेला, मातृदिनाला, घरी जाणार. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते. तिला शब्द दिलाय.

११ एप्रिल
फोनला रेंज मिळते ती नेमकी लपणात! आईला सकाळी फोन केल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. आधी मी ‘आशीर्वाद, आई’ म्हणायचं, तिने ‘देव तुझं भलं करो, बाळा’ म्हणायचं, मग बाकीच्या गप्पा. ते वगळून बोलायला तोंडच उघडत नाही. सवयीने आधी बारीक खोकले, मग तोंडावर टोपी धरून कुजबुजले. एवढ्याने काय होतंय?

दोन्या प्रोविदेन्सियांना सांगितलं तर हसल्या. त्यांचा मुलगा गुमेर्सिंदो माझ्या आधी इथं राखणीला होता. तोही रोज तिथूनच त्यांचा आशीर्वाद मागायचा.

१९ एप्रिल
तिसरा पोपट नीट दिसला. जोडी त्याला जवळ येऊ देत नाही. त्याच्या पायात कडं नाही. इथल्या प्रत्येक पिल्लाच्या पायात कडं घालतात, मग हा आला कुठून? डॉक्टर म्हणाले, मोजणीत भरतोय ना, मग कशाला खोलात शिरतेस.

दुपारी तो बोलला. तरण्या पुरुषाच्या आवाजात, अगदी स्पष्ट. ‘आशीर्वाद, आई.’

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर त्याला पिंजऱ्यात टाकतील आणि आकडा दोनावर येईल.

२४ एप्रिल
दोन्या प्रोविदेन्सियांकडे कॉफीला गेले होते. गुमेर्सिंदो ओसरीच्या कठड्यावर उकिडवा बसला होता. वादळात पेटी बंद करायला म्हणून गेला, तो तिसऱ्या दिवशी परतला. दारात उभं राहून त्याने आशीर्वाद मागितला, आईने दिला आणि घरात घेतलं. त्यानंतर आजतागायत एक शब्द बोललेला नाही. खातो फक्त डोंगरी ताडाची फळं, डाव्या हाताने. मान तिरकी करून एकाच डोळ्याने तो माझ्याकडे बघत होता.

त्या हळूच म्हणाल्या, “जिता परत आला, हेच पुष्कळ गं पोरी. पण एकदा तरी परत मागावा की आशीर्वाद. तोंडावर आलेला असतो माझ्या, रोज.”

रानात कोण मागतंय ते मला सांगवलं नाही. उठून आले.

३० एप्रिल
अंडी गेली. कस्तूर पक्ष्याने दोन्ही फोडली. मी पाठ वळवून आईशी फोनवर बोलत होते. माझीच चूक. लाजेने मेल्यासारखं झालंय.

डॉक्टर रागावले नाहीत. होतील चार, म्हणाले, आणि माझ्याकडे बघत राहिले.

४ मे
सात नंबरची पेटी रिकामी आहे. मी स्वतः आत हात घालून पाहिलंय. आज तिच्यातून आवाज आला. ‘आशीर्वाद, आई.’ त्याआधी बारीक खोकला.

तो खोकला माझा आहे. आवाजही माझाच.

आता लपणातून फोन नाही. आईने उलट फोन केला, तोही उचलला नाही. कसलं काळीज झालंय माझं.

७ मे
दरड पडली. डॉक्टर म्हणतात शनिवारपर्यंत गाडी नाही. मी चालत निघाले, ओढ्यापासून परत फिरले. पाणी कमरेच्या वर.

भात घशाखाली उतरत नाही. ताडाची चार फळं खाल्ली. बरी लागली.

१० मे
पेटीचा दरवाजा निखळलाय. खाली चिखलात अनवाणी पावलं — उतरणीकडे गेलेली. शेजारी पाऊल ठेवून बघितलं.

माझ्याच मापाची.

११ मे
लपणात धावत आले, आईला फोन लावला. आईला सावध करायचं होतं — दार उघडू नकोस, कुणी काही मागितलं तर देऊ नकोस —

तोंडातून निघालं ते फक्त ‘आशीर्वाद, आई.’

आई म्हणाली, “कोण आहे? असली चेष्टा करू नये बाई. माझी मिग्दालिया आत्ताच आलीय. दारात उभी राहून आशीर्वाद मागितला तिने, दिलाय मी. दमलीय पोर, बोलतसुद्धा नाहीये.”

परत लावला. परत तेच निघालं. तिने ठेवून दिला.

१२ मे
आज मातृदिन. खाली उतरवत नाही — फांदीवरच बरं —

पेन डाव्या —

तो तिसरा शेजारी बसलाय. दोघं मिळून मागतोय. कोणी देत नाही —

डॉक्टर मोजणीची वही घेऊन आलेत. मी ओरडायला गेले, मी आहे, मी मिग्दालिया — निघालं तेच. त्यांनी दुर्बीण वर केली. माझ्या पायांकडे पाहिलं. कडं नाही, असं स्वतःशीच म्हणाले. हसले. वहीत चार लि