रायलेला रस्ता नाही

७ नोव्हेंबर, शुक्रवार
शेवटी थायलंडच ठरलं. क्राबी. डिसेंबरच्या सुट्टीत पाच रात्री, आम्ही आणि जोशीसर, म्हणजे आमचे मॅनेजर, आणि त्यांच्या मिसेस मेधाताई. राहायचं कुठे ते मी शोधायचं. तू कोकणातला, तुला समुद्र कळतो, सर फोनवर म्हणाले.
फोन ठेवल्यावर स्नेहा म्हणाली, आईंचंही तिकीट बघ, त्या जानेवारीपर्यंत आहेत इथे आखातात. बघतो म्हटलं.
बघतो कसलं. जो.सर समजतात माझी आई रिटायर्ड शिक्षिका. आठ वर्षांपूर्वी, नोकरीला नवीन होतो तेव्हा, कँटीनमध्ये त्यांनी सहज विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. पुढे दुरुस्त करायचं राहिलं. राहिलं नाही, केलं नाही.
आईने बत्तीस वर्षं रत्नागिरीच्या बंदरावर मासे विकले.

९ नोव्हें.
सलमाबादच्या ऑफिसात आज काम कमी. दुपारभर क्राबीचा नकाशा.
आओ नांग – गाडी थेट हॉटेलच्या दारात, सगळं सपाट, रस्त्यापलीकडे समुद्र, खाण्याची दुकानं. म्हाताऱ्या माणसांना सोयीचं. क्राबी गाव – नदीकाठ, बाजार, पण किनारा लांब. लांता बेट – विमानतळापासून तीन तास, मध्ये फेरी.
रायले – रस्ताच नाही. मागे डोंगर, पुढे पाणी. आओ नांगहून लांबट होडी, ओहोटी असेल तर गुडघाभर पाण्यात उतरून सामान हातात घेऊन चालायचं. कुणीतरी लिहिलंय, वयस्कर लोकांना नेऊ नका. ते वाक्य तीनदा वाचलं.
रायले बुक केलं. चार जणांचं, आमची ईरा धरून पाच.
सरांना कळवलं की तिथले कडे बघण्यासारखे आहेत.

१२ नोव्हें.
रात्रीच्या जेवणाला सांगितलं. होडी, पाणी, ओली वाळू, सगळं जरा वाढवूनच. आई घाबरेल, नको म्हणेल, मी थोडा आग्रह करेन आणि मग विषय संपेल, असं वाटलं होतं.
आई हसायला लागली. म्हणाली, “गुडघाभर ना? अरे, तू पोटात होतास तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत कमरेएवढ्या पाण्यात जाऊन होडीतनं टोपली घेत होते मी.”
मग ईराने तिला मोबाइलवर तिथल्या होड्या दाखवल्या. पुढच्या टोकाला, नाळेला बांधलेली रंगीत फडकी बघून आई केवढी खूश. आपल्याकडेही होडीला हार घालतात, पूजा करतात, ते सगळं नातीला सांगत बसली. ईरा मराठीत उत्तर देत नाही, पण ऐकत होती.
स्ने. माझ्याकडे बघत होती. तिला कळलं बहुतेक.

१४ नोव्हें., शुक्रवार
आज जे केलं ते लिहावंसं वाटत नाही. तरी.
सकाळी आईला घेऊन मनामाच्या मासळी बाजारात. तिला इथे आल्यापासून सर्वांत आवडलेली जागा हीच. कल्ले उघडून बघते, बांगलादेशी विक्रेत्याशी मराठी-हिंदीत भांडते, आणि तो तिला ‘अम्मा’ म्हणून मागचा ताजा माल काढून देतो. आज त्याच्याकडून सुरी घेऊन तिने स्वतःच हामूर मासा कापून दाखवला. चार-पाच जण बघायला थांबले होते.
तेवढ्यात जो.सर दिसले. भाजीच्या बाजूने येत होते. मी पुढे होऊन त्यांना गाठलं आणि बोलत बोलत पार्किंगकडे घेऊन गेलो. एकटाच का, त्यांनी विचारलं. हो म्हटलं.
वीस मिनिटं. परत आलो तर आई दाराशी दोन पिशव्या घेऊन उभी. ते कोण होते, एवढंच विचारलं तिने. ऑफिसातले, म्हटलं. तिने मला त्यांच्याबरोबर जाताना पाहिलं होतं म्हणजे.
एक पिशवी तरी तिच्या हातातून लगेच घ्यायला हवी होती. तेही गाडीपाशी सुचलं.

१६ नोव्हें.
खोटं बोललो. रायलेचं हॉटेल पासष्टच्या वरच्यांना घेत नाही, होडीच्या इन्शुरन्सचा नियम आहे, असं. आई अडुसष्ट.
“असं?” म्हणाली, आणि ताटं उचलली.
ईरा फोनमध्ये शोधून म्हणाली, बाबा, इट डझन्ट से दॅट एनीव्हेअर. मी तिच्यावर ओरडलो. तेरा वर्षांची पोर, खरं बोलली म्हणून ओरडा खाल्ला.

१८ नोव्हें.
स्ने.ने आज सरळ विचारलं, नियम दाखव. मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मीच नको म्हटलं त्याला, म्हणाली. गुडघा हल्ली साथ देत नाही.
आज सकाळी लिफ्ट बंद होती. हीच आई तांदळाची पिशवी घेऊन तीन मजले चढून आली होती.
आईने मला वाचवलं आणि मी वाचलो.

२१ नोव्हें., शुक्रवार
जो.सर आणि मेधाताई संध्याकाळी आले, विमानाच्या वेळा ठरवायला. याआधी दोनदा आले तेव्हा मी आईला काही ना काही निमित्ताने आतच ठेवलं होतं. आज ती स्वतःच चहा घेऊन आली. इस्त्रीची साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून.
सर उठून उभे राहिले, नमस्कार केला. म्हणाले, माझीही आई शिक्षिका होती. तुम्ही कुठल्या शाळेत होतात?
आईने माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभर.
“रत्नागिरीला,” म्हणाली. “आता झाली बरीच वर्षं.”
मेधाताईंनी विषय कोणता विचारला. आई म्हणाली, लहान वर्गांना विषय कसला, सगळंच शिकवावं लागतं. हात पदराखाली घेतले होते तिने. सुरीच्या जुन्या खुणा आहेत बोटांवर.
सर म्हणाले, तरीच मुलगा असा शिस्तीचा. आई हसली. मी बशी खाली ठेवली ती टेबलावर आपटली.

ते गेल्यावर आई कप विसळत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. आई, म्हटलं. ती वळली नाही.
“आधी सांगितलं असतंस,” म्हणाली, “तर शाळेचं नाव तरी ठरवून ठेवलं असतं.”
रागाने नाही. खरंच तिला तेवढीच अडचण वाटली असावी. मला त्यापेक्षा रागावलेली चालली असती.

२३ नोव्हें.
स्ने.ला सगळं सांगितलं. कँटीनपासून मासळी बाजारापर्यंत. ती रडली नाही, भांडली नाही. माझे बाबा काय करायचे म्हणून सांगितलंस तिथे ऑफिसात, एवढं विचारलं. तिचे वडील बँकेत होते. खरं तेच सांगितलंय, म्हटलं. ती उठून ईराच्या खोलीत झोपायला गेली.

२४ नोव्हें.
सकाळी हॉटेलला लिहिलं, आणखी एक खोली हवी, वय अडुसष्ट, चालेल ना. तासाभरात उत्तर. एकच खोली उरलीय, तळमजल्याची, समुद्राकडे तोंड. वयाचं काही नाही, होडीतून उतरवून घ्यायला माणूस पाठवू म्हणाले. उद्या दुपारपर्यंत धरून ठेवतील.
घरी आल्यावर आईसमोर बसलो. ती कोलंबी सोलत होती. तू चल आमच्याबरोबर, म्हटलं. नियम वगैरे काही नव्हता. मी खोटं बोललो होतो.
माहितेय, म्हणाली. ईराने सांगितलं होतं, त्याच दिवशी.
सगळी कोलंबी सोलून झाली, हात धुऊन आली, पुसत पुसत समोर बसली.
“येईन मी,” म्हणाली. “पाण्याचं मला काही नाही. पण पाच दिवस कोण म्हणून यायचं, ते तू ठरव. मला दोन्ही जमेल.”
जो.सर उद्या नऊला ऑफिसात येतात. साडेआठलाच जाऊन त्यांच्या दाराशी थांबेन. आधी आई बंदरावर काय करायची ते सांगेन, खोलीचं मग.