बिनपासवर्डचा कॉम्प्युटर

अहो,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. नवा कॉम्प्युटर सुरू करून ठेवलाय. बटण दाबायचं आणि टाइप करायला बसायचं, बास.

इंटरनेटवर खातं उघडल्याशिवाय तो पुढे सरकतच नव्हता. गेल्या आठवड्यात त्यानं मागितलं आणि तुम्ही मुकाट्यानं तीन खाती उघडून दिलीत. तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट होतात, पासवर्डही एक चूक न करता टाइप केलात, फक्त दर वेळी वेगळा. म्हणून आज मी नेटची वायरच उपटली. तासभर आमची दोघांची जुंपली, शेवटी तो नमला. वायर माझ्या पर्समध्ये आहे, घरभर उचकापाचक करू नका.

पासवर्ड ठेवणार होते, पण त्यासाठी तो तीन प्रश्न विचारतो. लहानपणी लाडानं काय म्हणायचे, पहिली शाळा कुठली, असले. म्हटलं, राहूच दे.

धाकट्या लेकीबरोबर ती जागा बघायला चाललेय. कुठली, ते सकाळी सांगितलंय. पुन्हा सांगवत नाही. तिथे रात्रंदिवस बघायला माणसं असतात, पण खोली एकेकट्याचीच असते. तुमचं टेबल मावतं का, तेवढं मोजून येते.

चारला येईन. तुम्ही आतून कडी लावाल, लावा. पण दार उघडल्यावर कालच्यासारखं "कोण हवंय आपल्याला?" म्हणू नका. कॉम्प्युटर आता तुम्हाला काही न विचारता आत घेतो, तसं मलाही घ्या.