ह्यांच्या वतीनं

आई,

तुमच्या मुलाची दारू सुटली, असं मी लिहिणार नाही. आम्ही शनिवारी जातो, तिथे तसं कुणी म्हणत नाही. ‘आज प्यालो नाही’, एवढंच म्हणतात. तुम्ही म्हणाला असता, एवढंसं बोलायला बिबवेवाडीहून कोथरूडपर्यंत बस बदलत जायचं? पण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मीच लांबची जागा निवडली होती. ती सवय तुमचीच.

लग्नानंतरचा पहिला श्रावण मला अजून लख्ख आठवतो. तुम्ही ओट्याशी रताळी किसताय आणि मामंजी बाहेरच्या खोलीत चपलांवरच आडवे झालेत. मी घाबरून शेजारी हाक मारायला निघाले, तर तुम्ही किसाच्या हातानंच माझं मनगट धरलंत. “चक्कर आली म्हणायचं. आणि पुढच्या आठवड्यापासून तूही सोमवार धर. बायकोचा उपास नवऱ्याला पोचतो.” तेव्हा हे पीत नव्हते, तरी मी धरला. तुम्ही गेलात आणि ह्यांचं सुरू झालं. मार्केट यार्डातल्या भुसार गाळ्यावर हे दिवाणजी, तिथली माणसं भली, पण संध्याकाळी गाळा बंद झाला की बसायचं. सकाळी उठवेना, मग शेठना फोन मी करायची, “ह्यांना ताप आलाय.” शेठ म्हणायचे, “वहिनी, हा ताप पगाराच्या दुसऱ्या दिवशीच कसा हो येतो?” मी फोन ठेवायची आणि उपास वाढवायची. सोमवारच्या जोडीला गुरुवार, मग शनिवार.

एकदा मला देवळातच भोवळ आली. आपल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी माझ्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि म्हणाले, “पितो तो, आणि उपाशी तुम्ही? छान आहे.” मग औषधाच्या कागदामागे एक पत्ता लिहिला. दारू सोडू बघणारी माणसं शनिवारी एका शाळेत जमतात, फी नाही, त्यांना पाठवा. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी पेपर वर केला. “मी काय दारुडा आहे?” मग आई, मला जे सुचायचं तेच सुचलं. मी स्वतःच गेले. घरचा हिशेब ठेवणारी बाई मी, एका खात्यातलं दुसऱ्यात वळतं करता येतं हे मला माहीत. उपास पोचतो, तशी मीटिंगही पोचेल.

दाराबाहेर चपला काढल्या, देवळात नेतात तशी खडीसाखरेची पुडी बरोबर होती. वर्गात पोरांच्या बाकांवर मोठमोठे बाप्ये अवघडून बसलेले. जो तो उठून आपलं नाव सांगतो आणि मी दारुडा आहे म्हणतो, अगदी पाहुण्यांत ओळख करून द्यावी तसं. माझी पाळी आली. मी पदर सारखा करून म्हणाले, “मी ह्यांच्या वतीनं आलेय. हजेरी मांडत असाल तर ह्यांच्या नावावर मांडा.” कुणी हसलं नाही. चहाची किटली धरलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ, पूर्वी बस चालवायचे, जवळ आले. “ताई, माझी बायको पण माझ्यासाठी उपास करायची. ती वाळली, मी पीतच राहिलो. इथं दुसऱ्याच्या वतीनं बसता येत नाही. तुमच्यासाठी पलीकडच्या वर्गात घरच्यांची मीटिंग असते.”

“मला कशाला? मी कुठं पिते?”

“पीत नाही. पण झोपता का?”

मी पलीकडे गेले. खराडीला कंपनीत काम करणारी एक मुलगी सांगत होती, “पप्पांच्या ऑफिसला सिक लीव्हचा मेल मीच टाकायचे. एकदा एकाच महिन्यात रजेसाठी आजीला दोनदा मारलं.” सगळ्या हसल्या, आई. दारूवरून बायका हसताना मी पहिल्यांदाच बघितल्या. हसता हसता मला रडू फुटलं. मला तुम्ही दिसत होता, रताळं आणि किसणी हातात धरून. तुम्हाला असा वर्ग कुणी दाखवलाच नाही. मामंजी गेले तेव्हासुद्धा तुम्ही आल्यागेल्याला चक्करच सांगत होता.

पुढचा ताप आला, तेव्हा मी फोन लावला आणि ह्यांच्या कानाशी धरला. “तुम्हीच सांगा.” नोकरी गेली असती. तिकडून शेठ हॅलो हॅलो करताहेत. शेवटी हे म्हणाले, “शेठ, ताप नाही. काल फार झाली. आज पेनही धरवत नाहीये.” शेठ काय बोलले मला ऐकू आलं नाही. ह्यांनी फोन उशीवर ठेवला आणि मला विचारलं, “ती शाळा कुठंशी आहे म्हणालीस?”

आता दोघं जातो. हे त्या वर्गात, मी ह्या. मधे एकदा ह्यांचा पाय घसरला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उपास मी सोडलेत, सोमवार तेवढा ठेवलाय, तो महादेवासाठी, माझा मी. तुम्ही रागवाल का, ठाऊक नाही.

तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा त्यांचा कडक नियम आहे. म्हणून हे पत्र तुमच्या फोटोपुढेही वाचणार नाही, घडी करून चुलीत, म्हणजे आता गॅसवर धरीन. पण एक सांगते. गेल्या शनिवारी भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज आला, “माझी आई...” आणि पुढचं आमच्या पंख्याच्या खडखडाटात गेलं. मी बायकांना म्हटलं, मला थंडी वाजतेय, पंखा बंद करा. चैत्रातलं ऊन होतं, आई. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि बंद केला.